मदत हवी आहे: 'चार्ज' या इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ एकाच मुळाशी जोडून शिकवता येतील का?

सर्वांस नमस्कार.

मी आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला शिकवते. गेल्या आठवड्यात एका उताऱ्यात, एक दाई तिच्याकडे सोपवलेल्या तीन मुलांना घेऊन रस्ता ओलांडते, असे वाक्य होते. मूळ इंग्रजीत 'मुले' हा शब्द कुठेच नव्हता, 'हर थ्री चार्जेस' एवढेच होते. वर्गातल्या एका मुलीने 'दाई आणि तिच्यावरचे तीन आरोप रस्ता ओलांडत होते' असे लिहिले आणि वही माझ्यापुढे ठेवून स्वतःच विचारले, "बाई, आरोप रस्ता कसे ओलांडतील?" तिने शब्दकोश पाहिला होता आणि आपले काहीतरी चुकते आहे, हेही तिला कळत होते. मला मात्र मनाला लागून राहिले, कारण या शब्दाच्या अर्थांची यादी मीच तिला पाठ करायला दिली होती, पण ते अर्थ एकमेकांचे कोण लागतात हे कधी सांगितले नव्हते.

तेव्हापासून या शब्दाच्या व्युत्पत्तीचा धागा धरून पाहते आहे. लॅटिनमध्ये 'कारूस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे, ओझे लादणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि तेच जुन्या फ्रेंचमधून 'चार्ज' होऊन इंग्रजीत आले. जहाजावरचा 'कार्गो' याच कुळातला आहे. चेहऱ्यातील एखाद्या वैशिष्ट्यावर मुद्दाम जादा भार देऊन काढलेले 'कॅरिकेचर'ही त्याच घरातले निघाले, याचे मला फार अप्रूप वाटले. एकदा 'ओझे' हा अर्थ हाती आला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात: पैशाचे ओझे म्हणजे शुल्क किंवा आकार, दोषाचे ओझे म्हणजे आरोप, जबाबदारीचे ओझे म्हणजे कार्यभार, आणि ज्यांची जबाबदारी खांद्यावर आहे ती माणसे म्हणजे दाईची ती तीन मुले.

आपली मराठीही या वाटेने बरीच सोबत चालते. कार्यभार, प्रभारी, विद्युत प्रभार या सगळ्यांत 'भार' आहेच, आणि 'आरोप' या शब्दाचा मूळ अर्थही वर चढवणे, वर ठेवणे असाच आहे. विजेच्या अर्थाचा इतिहासही मुलांना सांगण्याजोगा आहे. बंदुकीत ठासायच्या दारूला इंग्रजीत 'चार्ज' म्हणत असत. १७४० च्या दशकात वीज साठवणारा लायडन जार तयार झाल्यावर तो 'भरण्या'साठीही हाच शब्द रुळला, आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ पासून लंडनला पाठवलेल्या पत्रांत विजेच्या संदर्भात तो वापरलेला आहे. अनेक जार एकत्र जोडलेल्या संचाला त्याने दिलेले 'बॅटरी' हे नावही तोफखान्यातलेच.

इथपर्यंत मांडणी जमते, पण पुढे तीन ठिकाणी अडते, आणि तिथे आपली मदत हवी आहे.

घोडदळाने शत्रूवर केलेल्या 'चार्ज'मध्ये ओझे कुठे आहे? 'हल्ला' हा अर्थ मुळाशी जोडून दाखवता आला नाही, तर मुले सगळ्या मांडणीवरच शंका घेतील, आणि त्यांचे ते चुकीचेही नसेल.

दुसरी अडचण एका छोट्याशा 'द'ची आहे. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' यात मूल दाईकडे सोपवलेले आहे, आणि 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' यातही नाते तेच आहे; फक्त वाक्याचा कर्ता बदलला आहे. मधला 'द' गाळला की मात्र मूलच दाईची देखभाल करते, असा अर्थ होतो. हा फरक मराठीतून नेमका कसा समजवावा?

शेवटचा प्रश्न समानार्थी शब्दांचा. प्रवासाचे 'फेअर', रस्त्याचा 'टोल', व्यावसायिकाची 'फी' हे मुलांना चटकन कळते, पण 'अक्यूज' आणि 'चार्ज' या दोन्हींपुढे ती 'आरोप करणे' असेच लिहितात.

प्रतिसाद:

बाई, हल्ल्याचा अर्थ दारू भरून सज्ज केलेल्या शस्त्रावरून आला असावा, असे मानले जाते. वर्गात मात्र मी तो 'सगळा भार टाकून तुटून पडणे' असा समजावतो, आणि भाषांतरात 'चाल करून जाणे' किंवा 'चढाई' हे शब्द घेतो.

'द'साठी मराठीत दोन वेगळे शब्द वापरा. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे 'सांभाळणारा' आणि 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे 'स्वाधीन असलेला'. दाई मुलाला सांभाळते, मूल दाईच्या स्वाधीन आहे. असे म्हटले की घोळ राहत नाही.

'अक्यूज' कोणीही कोणालाही करू शकतो. घरात भाऊ बहिणीलाही करतो. गुन्ह्याच्या संदर्भात 'चार्ज' करणारा मात्र अधिकारी किंवा न्यायालय असते, म्हणून तिथे 'आरोप ठेवणे' असे लिहावे. शब्दयोगी अव्ययेही वेगळी आहेत: 'अक्यूज'पुढे 'ऑफ' येते, 'चार्ज'पुढे 'विथ'.

एक सुचवतो. 'डिसचार्ज' हा शब्द मुलांसमोर ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी कोणते ओझे उतरले ते त्यांनाच शोधू द्या. रुग्णाला घरी सोडणे, बंदूक झाडणे, कर्तव्य पार पाडणे, बॅटरी उतरणे, हे सगळे त्यात येते. मराठीतही बॅटरी 'उतरते'च.

धागाकर्ती:

मनापासून आभार. 'करणे' आणि 'ठेवणे' यांतला फरक माझ्या डोळ्यांसमोर असूनही दिसला नव्हता. आता एकच विचारते: 'चार्ज्ड अॅटमॉस्फिअर'साठी 'भारलेले वातावरण' लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद:

सभेत श्रोते तल्लीन झाले असतील तर अगदी चपखल. पण मंत्राने भारलेल्या पाण्यासारखी 'भारलेले' या शब्दाला मोहिनीची छटा आहे, आणि इंग्रजी शब्द पुष्कळदा ठिणगी पडेल अशा तणावासाठी येतो. तिथे 'तंग वातावरण' किंवा 'तणावाने भारलेले वातावरण' असे लिहावे.