घरच्या खाऱ्या स्विमिंग पूलमध्ये मीठ कमी दाखवतंय, किती टाकू?

बेसाकर: पूल 8 बाय 4 मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे 40 हजार लिटर. मे महिनाभर बोअरचं पाणी भरत होतो. आता पावसात दोनदा काठावरून वाहून गेला. क्लोरीन मशीनचं पॅनल मीठ 2400 पीपीएम (दहा लाख भागांत 2400 भाग) दाखवतंय, हवं 3200. दुकानदार म्हणतो 50 किलोच्या दोन गोण्या टाका. पोरगी रोज पोहते, म्हणून विचारतोय.

खारंपाणी: भाऊ, दोन गोण्या अजिबात नको! हजार लिटरला 1 किलो मीठ म्हणजे 1000 पीपीएम वाढ. तुमची तूट 800, म्हणजे 32 किलो. 100 किलो टाकलं तर 4900 वर जाल, आणि जास्तीचं मीठ काढायला पाणी उपसण्याशिवाय उपाय नाही. उन्हात पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. ते कमी होतं वाहून गेल्यावर, गळतीनं किंवा फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये (उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना).

जुना पूलवाला: आधी सेल, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारा भाग, उघडून बघा. बोअरच्या जड पाण्यानं प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि पॅनल खोटं कमी दाखवतं. मीठ मोजायच्या पट्टीनं वेगळं मोजा. आणि आयोडीनवालं मीठ नको.

बेसाकर: थर होताच, चांगला जाड! पट्टीवर 2900 आलं. म्हणजे 12 किलोच. आज 10 टाकलं, पंप चालू ठेवलाय, उद्या संध्याकाळी परत मोजतो. पोरीला तोवर उतरू देत नाही.