दिवाळी सोडतीत हॉलिडे व्हाउचर ठेवायची का?

प्रेषक: मेघना (सचिव)
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला एक ट्रॅव्हल कंपनी प्रायोजक म्हणून यायला तयार आहे. हॉलचं निम्मं भाडं ते भरणार, शिवाय दोनशे स्क्रॅच कार्डं देणार. दारात तिकीट तपासताना घरटी एक कार्ड द्यायचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जवळपास प्रत्येक कार्डाला काहीतरी लागणारच, आणि बहुतेकांना स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या रिसॉर्टमध्ये ७ रात्रींचं व्हाउचर, दोन मोठे आणि दोन मुलं.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. असली व्हाउचर कुणी वापरली आहेत का? घेण्याजोगी असतात का? रविवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं आहे. नमुन्याचं कार्ड आणि अटींचा कागद सोबत जोडला आहे.

मेघना

---

प्रेषक: प्रसाद, स्लाव
सोमवार, रात्री १०.०५

फुकट मिळतंय तर घ्या की! ज्याला जायचं तो जाईल, नाही तो कार्ड टाकून देईल. आपल्या खिशाला काय चाट आहे?

---

प्रेषक: नाना, हॅरो
मंगळवार, सकाळी ६.१५

स. न. वि. वि.

प्रसाद, तू तेव्हा शाळेत असशील. १९९२ साली इथे ब्रिटनमध्ये हूव्हर कंपनीने जाहिरात काढली होती: शंभर पौंडांची खरेदी करा आणि दोन माणसांचे विमानाचे परतीचे तिकीट फुकट. आधी युरोपचे, मग थेट अमेरिकेचे. लोकांनी गरज नसताना व्हॅक्यूम क्लीनर घेतले. कंपनीचा हिशेब असा होता की अर्ज, पुन्हा अर्ज, तारखांचे पर्याय ह्या चकरांना कंटाळून बहुतेक लोक नाद सोडतील. लोकांनी सोडला नाही. प्रकरण कोर्टात गेले, कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला, आणि १९९५ मध्ये तिचा युरोपातला धंदा इटलीच्या कँडी कंपनीला विकला गेला.

तेव्हापासून असल्या योजना आखणारे शहाणे झाले आहेत. आता अटी अशा घालतात की कंटाळा येणारच. ह्याबाबत आजचा कायदा काय म्हणतो हे कुणी सांगेल काय? अनिरुद्ध, तू करारमदार वाचतोस ना?

नाना

---

प्रेषक: अनिरुद्ध, रेडिंग
मंगळवार, रात्री ११.२०

नाना, मी वकील नाही, पण ऑफिसात दिवसभर कंत्राटंच वाचतो, त्यामुळे हा कागद हौसेनं वाचला. अक्षर एवढं बारीक आहे की पीडीएफ चौपट मोठी करावी लागली.

कार्डाच्या पुढच्या बाजूला 'सुट्टी जिंकलात!' आणि मागच्या बाजूला 'निवासाची सोय'. ह्या दोहोंच्या मधे चार विमान तिकिटं, विमानतळ ते रिसॉर्ट टॅक्सी, जेवणखाण आणि विमा आहे.

बुकिंग फी माणशी ३९ पौंड, म्हणजे चौघांचे १५६. कार्ड खरवडल्यापासून चौदा दिवसांत भरायचे, कुठल्याही कारणानं परत मिळणार नाहीत. तीन तारखा सुचवायच्या. पहिली किमान ९० दिवसांपुढची, आणि प्रत्येकीत महिन्याचं अंतर. तिन्ही जमल्या नाहीत तर चौथी ते सुचवणार, ती नाकारली की व्हाउचर संपलं. शाळेच्या सुट्ट्या, ईस्टर, ख्रिसमस वगळून. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी खरं तर इथेच कागद मिटावा. इंग्लंडात ऑगस्ट २०२४ पासून पाच दिवसांची शाळा विनापरवानगी बुडाली की दंडाचा विचार शाळेला करावाच लागतो. प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरले तर, नंतर १६०. दोन मुलं, दोन पालक, ३२० पौंड. 'दोन मुलांसह' असं व्हाउचर द्यायचं आणि मुलांना नेता येईल असा एकही आठवडा ठेवायचा नाही, ही हुशारी दाद देण्यासारखी आहे.

विमान त्यांच्याच 'भागीदार एजंट'कडून घ्यायचं. दर कुठेही लिहिलेला नाही, म्हणजे खोलीचं भाडं तिकिटात वसूल करायला रान मोकळं.

आणि आता कलम ११. मुक्कामात 'रिसॉर्टची ओळख करून देणाऱ्या' ९० मिनिटांच्या सत्राला दोघांनीही हजर राहणं बंधनकारक. न राहिल्यास खोलीचं पूर्ण भाडं लागेल. जोडपं एकाच पत्त्यावर राहणारं, वय २८ ते ६८, दोघांपैकी एकाला तरी पूर्णवेळ नोकरी, घर स्वतःचं. ज्या बक्षिसाला लग्नाची, वयाची, पगाराची आणि घराची अट असते ते बक्षीस नव्हे, स्थळ आहे. पाहायला आपल्याला बोलावलंय.

कायद्याचं: ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग ह्या इथल्या तेव्हाच्या नियामकानं प्युअरली क्रिएटिव्ह ह्या कंपनीला आणि इतर काहींना कोर्टात खेचलं होतं. त्यात हीच वर्तमानपत्रांतून येणारी स्क्रॅच कार्डं आणि बक्षिसाची पत्रं होती; बक्षीस घ्यायला महागड्या फोन नंबरवर बोला, नाहीतर डिलिव्हरीचे पैसे भरा. एक बक्षीस भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं होतं. विमा, केबिनचा जादा आकार, खाणंपिणं, बंदराचा कर असं सगळं धरलं तर दोन जोडपी मिळून गेली तरी माणशी ३९९ पौंड पडत होते. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १८ ऑक्टोबर २०१२ ला निकाल आला: 'तुम्ही जिंकलात' असं भासवायचं आणि ते मिळवायला ग्राहकाला खर्चात पाडायचं, हे चालणार नाही. खर्च पोस्टाच्या तिकिटाएवढा असला तरी नाही. ब्रेक्झिटनंतरही ही बंदी इथे टिकली आहे. एप्रिल २०२५ पासून ती डिजिटल मार्केट्स, कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर्स अ‍ॅक्ट २०२४ मध्ये आहे, आणि नियामकाला आता कोर्टात न जाता थेट दंड ठोकता येतो, कंपनीच्या जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत.

बक्षीस नेमकं काय हे आधीच स्वच्छ सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. 'सात रात्रींची खोली, विमान तुमचं' असं कार्डावर ठळक लिहिलं असतं तर विमानखर्चाबद्दल माझी तक्रार नव्हती. बुकिंग फीचं समर्थन मात्र तरीही करता येणार नाही, असं माझं मत.

अनिरुद्ध

---

प्रेषक: श्रुती, मिल्टन कीन्स
बुधवार, दुपारी १.०५

अनिरुद्ध, कायदा पटला, पण सरसकट झोडपू नकोस. आम्ही असलं व्हाउचर घेतलंय, वापरलंय, आणि परवडलंय.

टेनेरीफमधल्या लॉस क्रिस्तियानोसच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर एक पोरगेलासा इंग्रज आडवा आला. हातात दोन कार्डं, एक ह्यांना, एक मला. ह्यांच्या कार्डात टी-शर्ट. माझ्यात तीन तारे. पोरगा अक्षरशः उडालाच! 'महिन्यातून एखादंच लागतं, आता माझा बोनस पक्का,' म्हणाला, पलीकडच्या मित्राला ओरडून सांगितलं. आम्ही पुढे जाऊन बाकावर आइसक्रीम खात बसलो तर तेवढ्यात आणखी दोन जोडप्यांच्या बायकांना तीन तारे लागले. बोनसचं मात्र तो खरं बोलला होता. त्याला माणसं आणून बसवण्याचेच पैसे मिळतात, आणि नवरा-बायको दोघं हवेत कारण सही दोघांची लागते. एकटा आला तर 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतो.

आम्ही मुद्दाम गेलो. पासपोर्ट, कार्डं हॉटेलच्या तिजोरीत ठेवून. दीड तासाचं म्हणाले, बाहेर पडलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. गोड बोलणारी एक बाई, टेबलावर कॅल्क्युलेटर, 'पुढच्या वीस वर्षांत सुट्ट्यांवर किती उडवाल' ह्याचा हिशेब. विकायचा होता टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक काळ रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. चौदा हजार पौंडांपासून सुरुवात. आम्ही नाही म्हटलं की 'मॅनेजर' यायचा आणि आकडा खोडून खाली नवा लिहायचा, शेवटी सहावर आले. हे प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणत होते: आज सही नाही. शेवटी त्या बाईनं चेहरा पाडून व्हाउचर हातावर ठेवलं.

त्यात विमान आपलं आपण काढायची मुभा होती. मुलं युनिव्हर्सिटीत, त्यामुळे शाळेचं झंझट नाही. फेब्रुवारीत गेलो, फी धरून आठवड्याची खोली १२० पौंडांना पडली, आणि खोली चांगली होती. त्यामुळे 'घेण्याजोगी असतात का' ह्याचं माझं उत्तर: तारखा मोकळ्या, विमान आपल्या हातात आणि नवरा मुखदुर्बळ नसेल तर हो.

श्रुती

---

प्रेषक: अनिरुद्ध, रेडिंग
बुधवार, संध्याकाळी ७.३०

श्रुतीवहिनी, मान्य. दादांसारखा खांब सगळ्यांकडे नसतो एवढंच.

व्हाउचरची किंमत त्यावर छापलेली ('९०० पौंड मूल्य!') कधीच धरू नये. त्याच आठवड्याचं, त्याच गावातलं साधं पॅकेज बाजारात काढून बघा. जेवढे पैसे खरोखर वाचले तेवढीच किंमत. वहिनींना ती मिळाली कारण त्या नाहीतरी फेब्रुवारीत जाणार होत्या. आपल्यातल्या निम्म्या घरांना तिथे जायचंच नसतं; ते सुट्टीचे दिवस वर्षभर पुण्या-मुंबईसाठी राखून ठेवतात.

ज्यांनी सही केलीच आहे त्यांच्यासाठी: टाइमशेअर किंवा लांब मुदतीचं हॉलिडे क्लब सदस्यत्व, दोन्ही चौदा दिवसांत कारण न देता रद्द करता येतं, आणि त्या मुदतीत त्यांना अनामतही घेता येत नाही. इथे २०११ पासून, स्पेनमध्ये २०१२ पासून हा नियम आहे. जुनं प्रकरण असेल तर, स्पेनच्या कायद्यानं जानेवारी १९९९ पासून टाइमशेअरची मुदत जास्तीत जास्त ५० वर्षं ठेवली, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये त्यानंतरचा बेमुदत करार रद्दबातल ठरवला. हे कळल्यापासून 'तुमचा टाइमशेअर सोडवून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झालेत. ते पहिल्यांपेक्षा वाईट. पैसे क्रेडिट कार्डानं दिले असतील आणि रक्कम १०० पौंडांच्या वर, ३०,००० पर्यंत असेल, तर आधी बँकेकडे कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ खाली दावा लावा, तो फुकट असतो.

अनिरुद्ध

---

प्रेषक: दीपाली, वॉटफर्ड
गुरुवार, सकाळी ८.४५

तुम्ही टेनेरीफचं बोलताय, माझे आई-बाबा कोथरूडमध्ये बसून ह्यात सापडले. मॉलमध्ये 'लकी ड्रॉ'चं कूपन भरलं: नाव, फोन, वय, गाडी कुठली, घर स्वतःचं का. आठवड्यानं फोन, 'काकू, अभिनंदन, गोव्याचं तीन रात्रींचं व्हाउचर लागलंय, काकांना घेऊन जोडीनंच या.' हॉटेलचा हॉल, मोठ्यानं गाणी, दर दहा मिनिटांनी कुणीतरी सदस्य झालं म्हणून टाळ्या. बाबांनी कार्ड पुढे केलं. दीड लाख. व्हाउचरवरच्या नंबरला फोन केला तर 'त्या तारखेला जागा नाही', दर वेळी.

इथून फोनवर आरडाओरडा करून काही होत नाही, म्हणून जे उपयोगी पडलं ते सांगते. आधी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार. कंपनीचं ऑफिस दिल्लीकडे होतं आणि करारात 'दिल्लीचीच कोर्टं' असं छापलेलं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. बाबांनी पुण्यातच तक्रार लावली. नोटीस गेल्यावर कंपनीनं एक लाख परत केले, बाकीच्यांचं अजून चालू आहे.

मेघना, माझं म्हणणं व्हाउचरपेक्षा त्या फॉर्मबद्दल आहे. नमुन्याच्या कार्डावर क्यूआर कोड आहे तो मी उघडून पाहिला (भरला नाही). तेच प्रश्न. वय, लग्न, घर, पगार. दोनशे मराठी घरांची अशी यादी ते हॉलच्या निम्म्या भाड्यात विकत घेतायत. आणि दारात कार्ड देणार कोण, तर पैठणी नेसलेल्या आपल्याच बायका. रस्त्यावरच्या पोऱ्याला 'नको' म्हणता येतं, मंडळाच्या वहिनींना कोण म्हणणार?

दीपाली

---

प्रेषक: प्रसाद, स्लाव
गुरुवार, सकाळी ९.१०

हे फॉर्मचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मग हॉलच्या भाड्याचं काय?

---

प्रेषक: मेघना (सचिव)
शनिवार, सायंकाळी ६.००

मंडळी,

कंपनीशी बोलले. तीन गोष्टी मागितल्या: बुकिंग फी नको, कलम ११ नको, आणि फॉर्मशिवाय व्हाउचर. पहिलीवर 'विचार करू' म्हणाले. बाकी दोन्हींवर सरळ नकार. 'मग आमचा फायदा काय?' असं तो गृहस्थ म्हणाला, आणि त्यातला प्रामाणिकपणा मला आवडला.

कार्यकारिणीनं एकमतानं नाही कळवलं आहे. त्यामुळे तिकीट मोठ्यांना दोन पौंडांनी वाढेल. सोडत होईल, बक्षिसं म्हणून एक पैठणी, दोन प्रेशर कुकर आणि नानांनी देऊ केलेलं नाट्यसंगीताच्या मैफलीचं तिकीट, ज्यात पार्किंग धरलेलं नाही हे त्यांनी स्वतःहून लिहून दिलं आहे.

एक महत्त्वाचं. सोमवारच्या मेलमधला क्यूआर कोड स्कॅन करून काही जणांनी फॉर्म भरून टाकला असं कळलं. त्यांनी कंपनीला लेखी ईमेल करून आपली माहिती पुसून टाकायला आणि फोन न करायला सांगावं. यूके जीडीपीआर ह्या इथल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे कंपनीला महिनाभरात उत्तर द्यावंच लागतं. मजकुराचा मसुदा अनिरुद्धनं केला आहे, मला मागा, पाठवते. आणि फोन आलाच तर 'मंडळानं आमची शिफारस केली आहे' असं ते म्हणतील. ती केलेली नाही.

मेघना