नवरात्रात सप्तशती : नुसता पाठ, की अर्थासकट वाचन?

दांडियाबाजारकर
घट बसायला अजून वेळ आहे, म्हणून विषय आत्ताच काढतो. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत नवरात्र म्हणजे घट, रोजची माळ, अखंड दिवा आणि गुरुजींकडून सप्तशती, म्हणजे देवीच्या पराक्रमांच्या संस्कृत पोथीचा पाठ. गुरुजी भरधाव सुटलेले, यजमान मोबाइल उलटा ठेवून बसलेले, मुलांचं लक्ष रात्रीच्या गरब्याकडे. जिच्यासाठी हे सगळं करायचं तिची गोष्ट विचारली तर महिषासुराच्या पुढे कुणाची गाडी जात नाही.

माझं म्हणणं : यंदा पाठ कमी झाला तरी चालेल, पण ग्रंथ अर्थ लावत वाचा. मार्कंडेय पुराणातले 81 ते 93 हे तेरा अध्याय. सुरुवात युद्धाने होतच नाही. राज्य गेलेला सुरथ राजा रानात बसून काळजी करतोय, की शत्रूच्या हाती पडलेल्या माझ्या हत्तीला आता काय खायला मिळत असेल. तिथे त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो. पैशाच्या लोभाने बायकोमुलांनी घराबाहेर काढलेला, तरी त्यांचं बरं चाललंय ना म्हणून झुरणारा. कळतं तरी सुटत नाही, असं का? हे विचारायला दोघे मेधा ऋषींकडे जातात. ऋषी महामायेचं नाव घेतात, तर राजा लगेच विचारतो : ही देवी कोण, ती झाली कशी? पुढचा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. आणि आपण तो प्रश्न न विचारता ऐकतो.

आपल्या गावाला हे नवं वाटू नये. पुरोहितांनी परीक्षा देऊनच पौरोहित्य करावं, असा कायदा वडोदऱ्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1915 साली केला होता. शक्तिसंगम तंत्रासारखा देवीच्या उपासनेवरचा ग्रंथ इथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. आणि आपण?

रावपुऱ्याची_मावशी
अरे बाबा, पाठ हा माहिती मिळवण्यासाठी नसतो. आधी कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रं, मग अध्याय. उच्चार, आसन, नेम यांना किंमत आहे. कथा कळावी म्हणून कुणी पाठाला बसत नाही, बसायचं ते तिच्यापुढे बसायचं म्हणून. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख जेमतेम होती. परडीतली माती चाळून घेणं, धान्य रुजत घालणं, नऊ दिवस तेलावर नजर ठेवणं, यात त्यांचं नवरात्र. त्यांना देवी कळली नव्हती म्हणशील?

आणि अर्थच वाचायचा तर सगळा वाच. कुबेर देवीला सुरेचं कधी रितं न होणारं पात्र देतो. महिषाला मारण्याआधी ती पिते, आणि डोळे लाल करून त्याला म्हणते, मी पितेय तोवर गर्जून घे. सोसायटीतल्या लहान मुलांना बसवून सांगणार आहेस का हे?

दांडियाबाजारकर
सांगणार, मावशी. कॅलेंडरवरची गोड हसणारी बाई आणि ही, यातली ग्रंथातली कोण हे मुलांनाही कळू दे. ‘या देवी सर्वभूतेषु’ घ्या. लोकांनी रिंगटोन करून ठेवलंय, पण पाचव्या अध्यायातल्या त्या यादीत बुद्धी, श्रद्धा, दया यांच्याबरोबर भूक आहे, तृष्णा आहे, शेवटाकडे भ्रांतीसुद्धा आहे. आपली चूकही तीच, असं म्हणणारा ग्रंथ आहे हा. कानावरून नुसता गेला तर हे हाती लागत नाही. सासूबाईंबद्दल मी एक शब्द बोललो नाही. माझा राग आहे तो वाचता येत असून न वाचणाऱ्यांवर.

पोळीतला_पोरगा
मधेच बोलतो. गरब्याला तुम्ही दोघंही टाइमपास समजता. पावागडची गोष्ट मी गरब्यातच पहिल्यांदा ऐकली : कालिका माता बाईच्या रूपात गरब्यात येते, चांपानेरचा पताई राजा तिचा पदर धरतो, ती शाप देते आणि त्याचं राज्य बुडतं. इतिहासात 1484 साली गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने गड घेतला. राज्य का गेलं याचा लोकांनी लावलेला अर्थ आजही गायला जातो. हे वाचन नाही?

परडीवाला
सप्तशती, सप्तशती काय लावलंय? आपल्या देव्या तुळजापूरच्या, माहूरच्या, कोल्हापूरच्या. कितीतरी मराठी घरांत अजून लग्नानंतर गोंधळ घालतात आणि वाचायची वेळ आली की सगळे संस्कृत पोथीकडे धावतात. संत एकनाथांचा जोगवा वाचा आधी. सोळाव्या शतकात त्यांनी मोहालाच महिषासुर केलं आणि हातात बोधाचा झेंडा दिला. दांडियाबाजारकर, तुमचं अर्थाचं वेड त्यांनी केव्हाच भागवून ठेवलंय, तेही मराठीत. मग लोकदैवतांचे संशोधक रा. चिं. ढेऱ्यांचं ‘लज्जागौरी’ घ्या. 1978चं पुस्तक. शिर नसलेल्या मातृमूर्तींपासून रेणुका-यल्लम्मेपर्यंतचा माग त्यांनी काढलाय. आपल्या देव्हाऱ्यातला टाक, पत्र्यावर ठोकलेली ती देवीची मूर्ती, त्यानंतर वेगळा दिसतो.

रावपुऱ्याची_मावशी
वेगळा दिसतो म्हणजे कसा? मी ते पुस्तक वाचलंय. अभ्यास मोठा, वादच नाही. पण त्यानंतर आरतीला उभी राहिले तर डोक्यात ही मूर्ती कुठल्या शतकातली असेल हेच चालू. चार दिवस हात जोडले जाईनात. तुम्हा लोकांना हे घडत नाही की तुम्ही सांगत नाही?

परडीवाला
घडतं. मला ते चालतं.

दांडियाबाजारकर
मावशी, मग सुरथाचं काय? त्याने विचारलंच ना. न विचारता हात जोडले असते तर ग्रंथच झाला नसता.

रावपुऱ्याची_मावशी
विचारलं, आणि ऋषींनी सगळं सांगितलं. मग शेवट का गाळतोस? एवढं ऐकूनही देवी दिसली नाही त्यांना. दोघे नदीकाठी गेले, मातीची मूर्ती केली, फुलं, धूप, उपास, अंगातलं रक्तसुद्धा वाहिलं. तीन वर्षांनी प्रसन्न झाली. वर काय दिला बघ. समाधीने ज्ञान मागितलं, त्याला ज्ञान. राजाने इतकं ऐकून पुन्हा राज्यच मागितलं, तर त्याला राज्य. तुला काहीच कसं कळलं नाही रे, असं तिने त्याला विचारलं नाही.

पोळीतला_पोरगा
मावशी जिंकल्या. पण हे तुम्हाला तेरावा अध्याय अर्थासकट वाचूनच कळलं ना?

रावपुऱ्याची_मावशी
गप रे. अष्टमीला घागरी फुंकायला बायका येणार आहेत, मांडव घालायला हात कमी पडतायत. संध्याकाळी ये.