अल्फा-सिन्यूक्लीन : ‘घडी विस्कटलेले प्रथिन’ म्हणावे का?

प्रश्न : कंपवातावर (पार्किन्सन्सवर) मराठीत लेख लिहितेय. मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लीनला ‘घडी विस्कटलेले विषारी प्रथिन’ आणि त्या साठ्यांना ‘गाठी’ म्हटलं तर चालेल?

– ‘गाठी’ नको. गाठ म्हटली की आपल्याकडे आधी कॅन्सर डोळ्यांपुढे येतो. हे एकेका चेतापेशीच्या आतले, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे गोलसर पुंजके आहेत. फ्रिट्झ लेवी या जर्मन मेंदूतज्ज्ञाने १९१२ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून लेवी बॉडी. त्यात मुख्यतः हेच प्रथिन असतं हे कळायला १९९७ उजाडलं. ‘लेवी पुंजके’ लिहा.

– माझी हरकत ‘घडी’ला. बहुतेक प्रथिनं ठराविक आकारात दुमडलेली असतात, हे नसतं. १४० अमिनो आम्लांची ही माळ पेशीत बरीचशी सैलच वावरते. पेशीतल्या पटलाला (पातळ पडद्याला) चिकटली तर पीळ धरते. मुळात घडीच नाही ती विस्कटणार कशी? रोगात उलटंच होतं : सैल माळा एकमेकींवर चपखल बसत जातात आणि ताठ तंतू तयार होतात. याला ‘साकळणे’ हे आपलं क्रियापद आहे की! रक्त साकळतं तसं प्रथिन साकळतं.

– साकळणे झकास. फक्त त्याच वाक्यात ‘साखळी’ आणू नका, मुद्रितशोधक वैतागेल.

– ‘विषारी’ही खोडा. हे प्रथिन तुमच्याआमच्या सगळ्यांच्या मेंदूत असतं, चेतासंधीपाशी (सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशी जिथे भेटतात ती जागा). अमेरिकेत आयोवातल्या एका कुटुंबात त्याच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती सापडल्या (२००३). प्रथिनाच्या रचनेत खोट काहीच नव्हती, नुसतं जास्त बनत होतं, तरी कंपवात झाला. नावातल्या ‘न्यूक्लीन’वरून केंद्रकातलं प्रथिन असंही समजू नका. १९८८ मध्ये टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या माशावर काम करताना ते चेतासंधीत आणि केंद्रकाच्या वेष्टनाशी दिसलं, म्हणून सिनॅप्स आणि न्यूक्लियस (केंद्रक) या दोन्हींचं मिळून नाव पडलं.

प्रश्नकर्ती : मग असं लिहू? ‘कंपवातात अल्फा-सिन्यूक्लीन साकळून लेवी पुंजके बनतात व त्यांच्यामुळे चेतापेशी मरतात.’

– ‘त्यांच्यामुळे’ काढा. खरा घात पुंजके करतात, की त्याआधीचे छोटे झुबके करतात आणि पुंजका ही पेशीने केलेली कोंडवाड्याची सोय आहे, यावर संशोधकांत अजून वाद आहे. ‘पुंजके बनतात आणि चेतापेशी मरत जातात’ एवढंच लिहा.