मदत हवी आहे: जीभ उष्ण, नाडी शीत, मोक्सा लिहू का?

सुईदोरा: चिनी वैद्यकाच्या वर्गाची केस उद्या द्यायची आहे. पुरुष, वय ५२. जिभेवर जाड पिवळा थर. नाडी खोल आणि मंद, एका श्वासाला जेमतेम ३ ठोके. मंद म्हणजे शीत, म्हणून यांगची, म्हणजे शरीरातल्या उबेची, कमतरता लिहून मोक्सा (वनस्पती जाळून बिंदूंना दिलेला शेक) सुचवते आहे. पण पिवळा थर म्हणजे उष्ण, मग त्याचं काय? लवकर सांगा, प्लीज.

रानजाई: थर सांगितलात, खुद्द जीभ कशी आहे? फिकट, फुगीर, कडेला दातांचे वण, की लाल? ओली की कोरडी? आधी चहा, पान, हळदीचं दूध किंवा बी-कॉम्प्लेक्स घेतलं होतं का? सकाळी जिभली फिरवली असेल तर उरलेल्या थरावरून काहीच ठरवू नका. पेशंटला आदल्या दिवसापासून जिभली बंद करायला सांगायची. उजेड दिवसाचा हवा. जीभ १५-२० सेकंदांहून जास्त बाहेर राहिली की रंग गडद होतो, मध्ये आत घेऊ द्या.

वातपित्तकफ: एवढी यातायात कशाला? तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. पुरुषाचा उजवा हात धरा, दोन मिनिटांत कळेल.

मनगट: दादा, बोटं तीच असली तरी शास्त्र वेगळं आहे, इथे मिसळू नका. चिनी पद्धतीत मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यापाशी मधलं बोट, ते ग्वान. तळहाताकडे त्सुन, कोपराकडे छ्र. डावीकडे अनुक्रमे हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजवीकडे फुफ्फुस, प्लीहा, मिंगमन (मूत्रपिंडाचं यांग). दोन्ही हात, प्रत्येकी निदान ५० ठोके, आणि हलका, मध्यम, खोल अशा तिन्ही दाबांवर. सुईदोरा, दाबल्यावर ठोका विरतो की जोरात लागतो? वजन किती? भरल्या मनगटात नाडी खोलच सापडते. बीपीची गोळी चालू आहे का?

सह्याद्री७: सुया ०.२५ बाय २५ मिमीच्या घ्या, एकदाच वापरायच्या. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनीच चीनहून ॲक्युपंक्चर आणलं, त्याचा अभिमान हवा.

रानजाई: सुया कुणी विचारल्याच नाहीत. आणि कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. ते शल्यचिकित्सक होते. त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉय बसू १९५९ मध्ये ॲक्युपंक्चर शिकून भारतात परतले.

सुईदोरा: मूळ प्रश्नाकडे या ना! वजन ९४. मेटोप्रोलॉल घेतात, पण त्याचा काय संबंध? दाबलं तरी ठोका जोरात. जीभ लाल, कोरडी. शौचाला ४ दिवसांनी, तेही खडा. गार पाणी मागतात.

मनगट: संबंध आहेच! ती गोळी ठोक्यांची गती उतरवते, त्यामुळे या पेशंटमध्ये ठोके मोजून शीत-उष्ण ठरवता येत नाही. आणि गोळी नसती तरी मंद म्हणजे शीतच असं नाही. आतड्यात उष्णता कोंडली, मल वाळला की नाडी मंद पण जोरकस लागू शकते. यांग कमी असेल तर ती मंद आणि दुबळी लागते, जीभ फिकट व ओली असते, माणूस गरम पाणी मागतो. तुमच्या केसमध्ये यातलं एकही नाही.

रानजाई: सहमत. अशा वेळी ‘नाडी सोडून लक्षण धरा’ हा जुना नियमच आहे. निदानाच्या आठ तत्त्वांत (आत-बाहेर, शीत-उष्ण, रिक्त-पूर्ण, यिन-यांग) लिहा: आतली, उष्ण, पूर्ण (म्हणजे कमतरतेची नव्हे, अतिरेकाची), म्हणून यांग. मोक्सा अजिबात नको, उष्णतेत उष्णता घालाल. एलआय (मोठ्या आतड्याची वाहिनी) ११ आणि एसटी (जठराची वाहिनी) ४४ या बिंदूंवर सुई शोधन, म्हणजे अतिरेक उतरवणाऱ्या, पद्धतीने, जोडीला एसटी २५. मी तर नाडी शेवटीच बघते. दोघांनी धरली की दोन नावं निघतात.

मनगट: म्हणूनच नावाआधी खोली, गती, जोर, रुंदी अशी वेगवेगळी नोंद करायची. नाडी सोडून दिल्याने मतभेद मिटत नाहीत.

सुईदोरा: आणि थर चहाचा नाही हे कसं दाखवू?

रानजाई: चूळ भरायला लावा. मग ओल्या गॉझने मुळाकडून टोकाकडे ४-५ वेळा हलकं पुसा. डाग असेल तर पिवळेपणा गॉझवर उतरून खाली पांढरा थर दिसतो. खरा थर चिकटून राहतो. पुसण्याआधी आणि नंतर, दोन्ही फोटो केसला जोडा. मेटोप्रोलॉल ‘चालू ठेवावे’ असंही लिहा, अचानक थांबवणं धोक्याचं आहे.