मदत हवी आहे: आई रोज चालते, तरी पायांत ताकद नाही

आई ६८ वर्षांची. रोज ४० मिनिटं चालते, दम लागत नाही. पण देवपूजेनंतर पाटावरून उठताना भिंत धरावीच लागते. चालण्याने दमसास वाढतो, मांड्यांची ताकद फारशी नाही, हे उशिरा कळलं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचे व्यायाम वेगळे सांगते.

६ आठवडे खुर्चीतून हात न टेकता उठबस चालू आहे, १० चे २ सेट. आता ते सोपं जातं, पाटावरून उठणं मात्र तसंच. गुडघ्यांची थोडी झीज आहे, बीपीची गोळी चालू; डॉक्टरांची व्यायामाला हरकत नाही. जिमला ती येणार नाही (विचारून झालंय!). आता खुर्चीची उंची कमी करत न्यावी, की हातात तांदळाची पिशवी धरून वजन वाढवावं?