मदत हवी आहे: १९४२ ते ४४ मधलं जाझ गेलं कुठे?

मंडळी, आमचा दहा-बारा जणांचा श्रोतृगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. ज्याची पाळी असेल त्याने दोन तास ऐकवायचं आणि बोलायचं. एरवी सगळं शास्त्रीय असतं, या खेपेला मी आगाऊपणा करून जाझ घेतलंय आणि आता तोंडघशी पडायची वेळ आलीये.

रेकॉर्डिंगं तारखेवार लावली. जुलै १९४२ पर्यंत सगळं सुरळीत. ड्यूक एलिंग्टन, ग्लेन मिलर, पंधरा-सोळा जणांचे ताफे, पाय थिरकवणारा स्विंग. मग जवळजवळ काहीच नाही. आणि १९४५ मध्ये एकदम चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी! पाच-सहा जणांचा संच आणि लय अशी की श्वास घ्यायला जागा नाही. बडा ख्याल चालू असताना डुलकी लागावी आणि जाग यावी ती थेट द्रुत तराण्याला, तसं वाटलं.

शोधल्यावर वादकांच्या संपाचं कळलं. पण कुणी म्हणतं संपामुळेच बीबॉप (म्हणजे पार्कर-गिलेस्पीची ही नवी, द्रुत शैली) जन्मलं, कुणी म्हणतं काही संबंध नाही. खरं काय? मधल्या काळातलं ऐकवण्यासारखं काही आहे का? आणि एक बावळट प्रश्न: १९४३ च्या गायक फ्रँक सिनात्राच्या गाण्यांत वाद्यंच नाहीत, मागे नुसता कोरस हुंकार भरतोय. माझी फाईल बिघडली आहे का?

– ठाणेकर_श्रोता

जुनी_तबकडी:
फाईल ठणठणीत आहे. तो संपाचाच आवाज आहे!

अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचा अध्यक्ष जेम्स सीझर पेट्रिलो. त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून सभासदांना रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. तक्रार सरळ होती. वादकाला पैसे एकदाच, रेकॉर्डिंगच्या दिवशी. मग तीच तबकडी ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर) आणि रेडिओवर वाजत राहणार, आणि जिथे ती वाजते तिथल्या वादकाची गरज संपणार. बोलपट आल्यावर थिएटरांतले वादक असेच घरी बसले होते. वरातीत डीजे आला तेव्हा आपल्या बँडवाल्यांचं काय झालं ते आठवा, फक्त इथे डीजेकडची तबकडी बँडवाल्यानेच भरून दिलेली!

संघटनेच्या लेखी गायक हे वादक नव्हते, त्यामुळे त्यांना संप लागू नव्हता. म्हणून कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने जून १९४३ मध्ये सिनात्राला नुसत्या कोरससोबत गायला लावलं. त्याआधी त्याचं हॅरी जेम्सच्या ताफ्याबरोबरचं १९३९ चं एक गाणं पुन्हा बाजारात आणलं होतं. पहिल्या वेळी फारसं न खपलेलं ते गाणं १९४३ मध्ये धो धो चाललं, आणि या वेळी जाहिरातीत नाव गायकाचं मोठं. ताफ्याचा मालक मागे, गायक पुढे. हे संपाआधीच सुरू झालं होतं, पण संपाने त्याला चांगलाच धक्का दिला.

डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये करार केला, कॅपिटलने पाठोपाठ. व्हिक्टर आणि कोलंबिया मात्र नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तार करून संप मागे घ्यायला सांगितलं, पेट्रिलोने त्यालाही नकार दिला. शेवटी विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत जमा होऊ लागली.

मंद्र_पंचम:
आपल्याकडे रॉयल्टीचा वाद म्हटला की लता-रफी आठवतात, म्हणजे गायकच. वादकाचं नाव तर कित्येक तबकड्यांवर छापतही नसत. तिथे भांडत होते ते वादक, आणि फायदा झाला गायकांचा. गंमतच आहे.

बेसूर:
थोडं वेगळं मत. ताफे मोडले त्याचं सगळं बिल पेट्रिलोच्या नावावर फाडू नका. कितीतरी वादक सैन्यात, पेट्रोल आणि टायर रेशनवर, मग पंधरा जणांना घेऊन गावोगाव फिरायचं कसं? त्यात १९४४ मध्ये नाच किंवा गाणं असलेल्या क्लबच्या बिलावर ३० टक्के केंद्रीय कर बसला, तो नंतर २० वर आला. नुसतं वाद्यवादन असेल तर कर नाही! बसून ऐकायच्या छोट्या संचांना हे पथ्यावरच पडलं.

शिवाय तेव्हाच्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख जायची आपल्या हिंदुस्थानातून. युद्धामुळे १९४२ च्या एप्रिलमध्येच अमेरिकेने लाखेच्या वापरावर मोठी कपात आणली होती. संप नसता तरी तबकड्या कमीच निघाल्या असत्या.

जुनी_तबकडी:
बेसूर यांचं बरोबर आहे. आता मूळ प्रश्न. माझ्या मते संपाने बीबॉप जन्माला घातलं नाही, त्याचं बाळपण तेवढं लपवलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबला संपाच्या आधीपासूनच रात्री उशिरापर्यंत प्रयोग चालत. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या ताफ्यात पार्कर, गिलेस्पी आणि गायिका सारा व्हॉन एकत्र होते. एरवी आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा पार्कर तिथे चक्क टेनर सॅक्सोफोन वाजवत होता. त्या ताफ्याचं एकही स्टुडिओ रेकॉर्डिंग नाही. मला विचाराल तर संपाचं सर्वांत मोठं नुकसान हेच. तुमची झोप नाही लागली, मधली लय रेकॉर्डच झाली नाही.

तरी ऐकवायला आहे. जेरी न्यूमन नावाचा विद्यार्थी १९४१ मध्ये स्वतःचं यंत्र घेऊन मिंटन्सला जायचा, त्याने टिपलेला गिटारवादक चार्ली क्रिश्चन आधी लावा. मग १५ फेब्रुवारी १९४३, शिकागोच्या सॅव्हॉय हॉटेलमधली ३०५ नंबरची खोली. बॉब रेडक्रॉस या मित्राने तिथे पार्कर आणि गिलेस्पीला खाजगीत टिपलंय. त्यानंतर फेब्रुवारी १९४४ चं कोलमन हॉकिन्सचं 'वुडी'न यू'. अपोलो या छोट्या कंपनीचं, ट्रम्पेटवर गिलेस्पी. बीबॉपचं पहिलं स्टुडिओ रेकॉर्डिंग बरेच जण यालाच मानतात. आणि शेवटी नोव्हेंबर १९४५ चं पार्करचं 'को-को'. आता उडी नाही, चढण वाटेल.

ठाणेकर_श्रोता:
दंडवत! पण १९४८ लाही पुन्हा भोक दिसतंय. तेही हेच का?

जुनी_तबकडी:
हो, दुसरा संप, १ जानेवारी ते १४ डिसेंबर १९४८. या वेळी कंपन्यांनी आधीच्या डिसेंबरात स्टुडिओ रात्रंदिवस चालवून साठा करून ठेवला. गिलेस्पीचं 'मँटेका' त्याच घाईतलं, ३० डिसेंबर १९४७. त्यात काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजवणारा क्यूबाचा चानो पोझो २ डिसेंबर १९४८ ला हार्लेममध्ये गोळी लागून गेला, संप मिटायच्या बारा दिवस आधी. ती डिसेंबरची धावपळ झाली नसती तर त्याच्यासह हे स्टुडिओ रेकॉर्डिंग आपल्याला मिळालंच नसतं. माइल्स डेव्हिसचा नऊ जणांचा संचही सप्टेंबर १९४८ मध्ये रॉयल रूस्ट क्लबमध्ये वाजला, स्टुडिओत पोहोचला जानेवारी १९४९ मध्ये. रूस्टचं रेडिओ प्रक्षेपण मात्र मिळतं.

ठाणेकर_श्रोता:
दोन तास पुरत नाहीत आता. शेवटचं विचारतो, रेडक्रॉसच्या त्या खोलीतल्या रेकॉर्डिंगला खरखर फार आहे का? आमच्यातले दोघे आवाजाच्या बाबतीत फार चिकित्सक आहेत.

जुनी_तबकडी:
भरपूर आहे. आधी खोलीची गोष्ट सांगा, मग लावा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांची खरखर चालते ना त्यांना?